तोफा कुणाच्या, गोलंदाज कुणाचे

तुकोबांची पालखी बारामतीहून हलली की सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापुरात येते आणि सराटीला नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात नीरेचा डावा कालवा नव्हता आणि उसाचा फडही नव्हता. ज्वारी-बाजरीचा, पावसाकडे डोळे लावून बसलेला हा मुलूख. पण पंढरपूरकडून पुण्यावर चालून येणाऱ्याला तो तुडवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. १८०२ चा पावसाळा सरता सरता होळकरांची फौज बारामतीवर आली. पुढच्या उन्हाळ्यात इंग्रजांची फौज अकलूजहून बारामतीवर आली. या दोहोंच्या मधल्या सहा-सात महिन्यांत मराठी राज्याचे पुढचे भवितव्य ठरून गेले.

इंग्रजांची शस्त्रे सरस होती, म्हणून आपण हरलो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. १८०३ साली मराठ्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोफांच्या तोडीच्या होत्या, संख्येने कितीतरी जास्त होत्या आणि त्या चालवणारे गोलंदाज मरेपर्यंत तोफ न सोडणारे होते. कमी पडले ते दुसरेच काहीतरी, आणि ते बारामती ते हडपसर एवढ्या टापूतच स्पष्ट दिसते.

१६ एप्रिल १८०१ रोजी दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. विठोजीने बंड केले होते हे खरे, पण तो तुकोजी होळकरांचा मुलगा होता, आणि त्याचा भाऊ यशवंतराव माळव्यात शिंद्यांशी झुंजत होता. यशवंतराव दक्षिणेत उतरला. त्याचा सरदार फत्तेसिंग माने याने ऑक्टोबर १८०२ च्या सुरुवातीला पेशव्यांच्या फौजेला बारामतीजवळ गाठून तिचा मोड केला. मग दोघे जेजुरीच्या बाजूला एकत्र आले आणि २३ तारखेला लोणी-हडपसरच्या दरम्यान तळ पडला. बाजीरावाने तडजोडीची बोलणी लावली, पण ती टिकण्यासारखी नव्हती. मध्ये विठोजीचे प्रेत पडलेले होते.

२५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवसांत, हडपसरच्या माळावर तोफा सुटल्या. समोरासमोर कोण होते ते नीट पाहावे. पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या शिंद्यांकडे सदाशिव भास्कराच्या सरदारकीखाली कॅप्टन डॉज नावाच्या इंग्रजाच्या चार कसलेल्या पलटणी होत्या. होळकरांच्या बाजूला हार्डिंग, व्हिकर्स आणि आर्मस्ट्राँग यांच्या पलटणी. दोन्हीकडे एकाच घाटणीच्या चकमकीच्या बंदुका आणि संगिनी, एकाच घाटणीच्या बैलजोड्यांनी ओढायच्या पितळी तोफा, एकाच प्रकारची कवायत. गोरे अधिकारी दोन्हीकडे, आणि रांगेत उभा असलेला शिपाईही दोन्हीकडे आपल्याच देशाचा. यशवंतरावाचे घोडदळ एकदा मागे हटले, तेव्हा तो स्वतः पुढे घुसून शिंद्यांच्या तोफांवर तुटून पडला. डॉज पडला. हार्डिंगही पडला, तो जिंकणाऱ्या बाजूने. बाजीराव सिंहगडाकडे निघून गेला आणि पुढे महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजी जहाजातून वसईला पोचला.

दुसऱ्या दिवशी इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट बॅरी क्लोज यशवंतरावाला भेटायला गेला. विजयी सरदार एका लहानशा राहुटीत बसला होता, खाली घोट्याएवढा चिखल. अंगावर भाल्याची जखम होती आणि डोक्यावर तलवारीचा वार. डोक्यावरचा वार शिंद्यांच्या एका गोलंदाजाने केला होता. यशवंतराव तोफेवर चालून आला तेव्हा हा माणूस तोफ सोडून पळाला नाही, तलवार उपसून उभा राहिला. ग्रँट डफने हा प्रसंग टिपून ठेवला आहे, पण त्या गोलंदाजाचे नाव कुठे नाही. त्या दिवशीच्या लढाईत मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो त्याच्याविषयी. आणि सगळ्यांत जास्त हळहळ वाटते तीही त्याच्यासाठीच, कारण तो निष्ठेने लढला ती लढाई दोन मराठी दौलतींची होती आणि तिचा लाभ तिसऱ्यालाच झाला.

या तोफा मराठ्यांकडे आल्या कशा, ते थोडक्यात सांगतो. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची फळी फोडली होती आणि इब्राहिमखान शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूने उभा राहून मारला गेला. पेशव्यांचा स्वतःचा तोफखाना पानशांकडे होता. दिवे घाटावर नजर ठेवणारा सोनोरीचा मल्हारगड पानशांनीच १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला. पण खरा पालट केला तो महादजी शिंद्यांनी. इंग्रजांशी पहिले युद्ध लढताना कवायती पायदळाची ताकद त्यांनी समोरून अनुभवली होती. १७८४ साली त्यांनी बेन्वा द बॉइन्य या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीला घेतले. त्याने पलटणी उभ्या केल्या, पलटणींचे कंपू बांधले, प्रत्येक पलटणीला मैदानी तोफा दिल्या. सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर आग्र्याला तोफा ओतू लागला. तिथे तयार होणारी बंदूक विलायती बंदुकीच्या तोडीची असे आणि दहा रुपयांत पडे. १७९० च्या पाटण आणि मेडत्याच्या लढायांत या कंपूंनी राजपुतान्याची घोडदळे मोडून काढली.

द बॉइन्यने चाकरी धरताना एक अट घातली होती. इंग्रजांविरुद्ध आपण हत्यार उचलणार नाही. महादजींनी ती मान्य केली. त्या वेळी समोर राजपूत होते, मोगल सरदार होते, पुढे लाखेरीला तर होळकरच होते. इंग्रजांशी गाठ पडेल तेव्हा पाहता येईल, असा हिशेब असावा. महादजींसारख्या धोरणी पुरुषाकडून हे झाले याचे वाईट वाटते, कारण धोक्याची सूचना मराठी दप्तरात आधीच लिहिलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या आसपास लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी स्पष्ट बजावले आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नाहीत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, यांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, यांना जागा द्यायची तर फार विचार करून द्यावी. पंतांनी गडांवरच्या तोफा, बाण, दारूची कोठारे यांचीही बारकाईने व्यवस्था सांगितली आहे. त्यांच्या लेखी हत्यार आणि ते ज्याच्या हाती द्यायचे त्या माणसाचा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. नव्वद वर्षांत हत्याराची विद्या पुढे गेली, भरवशाची मागे पडली.

याच काळात बारामतीत एक माणूस महाभारत लिहीत होता. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने बारामतीला आले आणि कऱ्हेकाठी जन्म घालवला. अठरा पर्वे आर्यांत उतरवणारा हा पुराणिक-कवी नाइकांच्या वाड्यात पुराण सांगे. पेशव्यांचे सोयरे असलेल्या त्या घरात राज्याची खलबते होत, फौजा सजत, आणि तिथेच द्रोणपर्व वाचले जाई. महाभारतातल्या अस्त्रकथा मोरोपंतांच्या श्रोत्यांना तोंडपाठ होत्या. अश्वत्थाम्याने नारायणास्त्र सोडले, तेव्हा हत्यार खाली ठेवले तेच वाचले. आणि युद्धाच्या शेवटी अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांनी ब्रह्मास्त्रे सोडली, तेव्हा ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुनाने आपले अस्त्र आवरले, अश्वत्थाम्याला ते आवरता येईना. त्याला सोडण्याचा मंत्र येत होता, परत घेण्याइतका संयम त्याच्यापाशी नव्हता. शेवटी ते अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेले. म्हणजे ज्याने कुणाचे काहीच बिघडवले नव्हते त्याच्यावर.

पुराणिकाच्या तोंडून हे ऐकणाऱ्या सरदारांना त्याचा अर्थ कळत नव्हता असे मी म्हणणार नाही. कळत होता. पण तो नीतीचा भाग म्हणून कळत होता, राज्यकारभाराचा भाग म्हणून नव्हे. सुभाषित पाठ असणे आणि सुभाषिताप्रमाणे करारनामा लिहिणे यांत जे अंतर असते, ते द बॉइन्यच्या अटीत दिसते. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वानवडीला वारले आणि त्याच वर्षी चैत्रात मोरोपंत बारामतीला वारले.

पुढच्या वर्षी, ११ मार्च १७९५ रोजी, खर्ड्याला सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली शेवटचे लढले आणि निजामाला नमवले. तिथेही निजामाकडे रेमंडचे कंपू, शिंद्यांकडे पेराँचे, होळकरांकडे द्युद्रनेकचे, आणि खुद्द पेशव्यांकडे बॉइड नावाचा अमेरिकन. त्याच १७९५ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात इमॅन्युएल कांट या सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञाने चिरंतन शांततेवर एक छोटे पुस्तक छापले. दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी खर्ड्याच्या माळावरची परिस्थिती त्यात जणू कलमवार मांडली आहे.

कांटचा नीतिविचार एका कसोटीवर उभा आहे. ज्या नियमाने तुम्ही वागता, तो नियम सगळ्यांनी पाळला तर तुम्हाला चालेल का? आणि दुसऱ्या माणसाला तुम्ही केवळ साधन म्हणून वापरता का? १७८५ च्या ग्रंथात हे त्याने व्यक्तीसाठी मांडले होते, १७९५ मध्ये ते राज्यांना लावून पाहिले. पगार देऊन माणसांना मारायला आणि मरायला उभे करणे म्हणजे माणसाचे यंत्र करणे, म्हणून खड्या फौजा हळूहळू मोडल्या पाहिजेत असे तो म्हणतो. युद्धातही काही गोष्टी करू नयेत असे तो बजावतो, कारण त्यांनी पुढचा तह अशक्य होतो. मारेकरी घालणे, विषप्रयोग, शरणागतीचा करार मोडणे आणि शत्रूच्या माणसांना फितवणे. त्याच पुस्तकात हिंदुस्थानचा उल्लेखही आहे. व्यापाराच्या वखारी घालण्याचे निमित्त करून परक्यांनी तिथे सैन्य आणले, रहिवाशांना दडपले, राज्याराज्यांत युद्धे लावली, दुष्काळ आणि बेइमानी पसरवली, असे त्याने युरोपला ऐकवले आहे. कोनिग्सबर्ग सोडून फारसा कुठे न गेलेल्या माणसाला हे दिसले होते.

फितवण्याचे कलम आठ वर्षांनी खरे ठरले. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजी फौज पदरी घेतली. मार्चमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली तुंगभद्रा ओलांडून निघाला. मिरज, पंढरपूर करत एप्रिलच्या मध्याला तो अकलूजला आला आणि तिथून बारामतीच्या वाटेला लागला. त्याच्या फौजेबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तोफा ओढायला टिपूच्या अमृतमहालातले जातिवंत बैल होते, धान्यासाठी वणजाऱ्यांचे तांडे बांधलेले होते आणि रयतेला लुटणाऱ्या शिपायाला वेलस्ली फाशी देत असे. दया हा त्यामागचा हेतू नव्हता, लुटलेल्या गावातून पुढच्या मुक्कामी दाणागोटा मिळत नाही हे त्याला माहीत होते. पण नियम होता आणि तो पाळला जात होता. बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव पुणे जाळणार अशी खबर आली, तेव्हा घोडदळ घेऊन त्याने शेवटचे साठ मैल बत्तीस तासांत कापले आणि २० एप्रिल १८०३ ला तो पुण्यात शिरला. बाजीराव मे महिन्यात पुन्हा गादीवर आला.

ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध जाहीर झाले. त्याबरोबर गव्हर्नर-जनरलचा जाहीरनामा निघाला. शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रजांनी ती सोडून यावे, त्यांची सोय लावली जाईल. कंपूंच्या कंपूंतून अधिकारी निघून गेले. द बॉइन्यच्या जागी आलेला सरसेनापती पेराँ सप्टेंबरात लढाई सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ४ सप्टेंबरला अलीगढच्या किल्ल्यावर हल्ला झाला, तेव्हा इंग्रजांना आतल्या दरवाजापर्यंतची वाट दाखवायला ल्युकन होता. तो नुकताच शिंद्यांची चाकरी सोडून आला होता. किल्ल्याचे खंदक, बुरूज, तोफा सगळे अभेद्य होते. दरवाजा माहीत असलेला माणूस मात्र विकाऊ निघाला.

२३ सप्टेंबरला भोकरदनजवळ, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, असईला वेलस्लीची त्यांच्या फौजेशी गाठ पडली. शिंद्यांच्या पायदळावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस होता. शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांकडे तोंड करून होत्या. त्यांच्या माऱ्याने इंग्रजांचे तोफांचे बैल आणि गोलंदाज आडवे झाले, ७४ वी हायलँडर पलटण जवळजवळ संपली. संगिनी रोखून इंग्रज तोफांपर्यंत पोचले आणि त्या ओलांडून पुढे गेले, तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून पुन्हा डागल्या. वेलस्लीला माघारी फिरून त्या दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याच्या लढणाऱ्या फौजेतला सुमारे तिसरा हिस्सा, पंधराशेहून अधिक माणसे, मेली किंवा जखमी झाली. हाती लागलेल्या ९८ तोफांतल्या पितळी तोफा कामाला उत्तम आहेत असा निर्वाळा त्याने स्वतःच दिला. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली लढाई असई असेच सांगे. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला लासवाडीला तेच. अधिकारी निघून गेलेल्या पलटणींनी तोफांभोवती उभे राहून जीव दिले.

या युद्धात रयत आणि गोलंदाज दोघांना एकाच मापाने तोलावेसे मला वाटते. गोलंदाजांना साधन म्हणून वापरले गेले. रयतेला तर तेवढेही मोल नव्हते. १८०२ ला होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी दख्खन लुटली, १८०३ चा पाऊस गेला, आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. इंदापूर परगण्याची गावे ओस पडली. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे जिथे धारातीर्थी पडले तो हा परगणा, शूरपणाची वाण इथे कधी नव्हती. पण गाव उठून गेल्यावर शूराने राखायचे काय? ती जमीन पुरती सावरायला एक पिढी लागली. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपली प्रसिद्ध जमीनमोजणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यापासून, कारण आधीचा सारा या दमलेल्या मुलखाला पेलवत नव्हता. उत्तरेच्या गर्भावर गेलेल्या अस्त्राची आठवण मला इथे होते.

यशवंतराव होळकर १८०३ च्या युद्धात बाजूला राहिला आणि १८०४ ला एकटाच इंग्रजांवर उठला. आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवरचा त्याचा विश्वास तोवर उडाला होता. हडपसरला त्याच्या बाजूने लढलेला व्हिकर्स, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे, इंग्रजांविरुद्ध लढायला तयार होईनात, तेव्हा त्याने त्यांची डोकी मारली. ही क्रूरता होती. ज्यांच्या जोरावर हडपसर जिंकले, त्यांच्या भरवशाचा प्रश्न इतक्या उशिरा आणि इतक्या रक्ताने सोडवावा लागला, याची जबाबदारीही त्याच्याचकडे जाते. पण त्या पिढीत हा प्रश्न आहे एवढे तरी त्याला कळले. कर्नल मॉन्सनची फौज त्याने चंबळेपासून आग्र्यापर्यंत पळवली. डिसेंबर १८०५ च्या राजघाटच्या तहानंतर तो भानपुऱ्याला बसला आणि तोफा ओतायचा कारखाना काढला. परक्याचा कारागीर नको, परक्याचा कप्तान नको. भट्टीपाशी तो स्वतः उभा राही, रात्र म्हणत नसे, दिवस म्हणत नसे. त्या श्रमाने आणि ध्यासाने त्याचे डोके फिरले. १८०८ नंतर तो भ्रमिष्टच होता आणि ऑक्टोबर १८११ मध्ये भानपुऱ्यालाच वारला. पस्तिशीतला माणूस.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा तोफखाना क्षिप्रेच्या काठी इंग्रजांसमोर उभा राहिला. गादीवर यशवंतरावाचा अल्पवयीन मुलगा होता, आणि आदल्याच रात्री दरबारातल्या फितुरीने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईचा शिरच्छेद झाला होता. तोफांनी नदी ओलांडणाऱ्या इंग्रजांची लांडगेतोड केली. गोलंदाज इथेही जागचे हलले नाहीत, तोफेपाशी मारले गेले. होळकरांचा सरदार गफूरखान आपले लोक घेऊन मैदानातून निघून गेला, असा आरोप त्याच्यावर तेव्हापासून आहे. पंधरा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरचा तह झाला आणि त्यातल्या एका कलमाने जावऱ्याचा मुलूख इंग्रजांनी गफूरखानाच्या नावे कायम करून दिला.